ज्यानं पाडलं, त्यानं भरावं

लहानपणी, माहेरच्या गावात आमच्या शेजारच्या काकूंची पडवी एका सकाळी पाडली गेली. काकू ओरडत होत्या, "अहो, कागद तरी बघा!" कुणी बघितला नाही. चार दिवसांनी कळलं, नोटीस पलीकडच्या घराची होती. पुढे भरपाईचे थोडे पैसे आले. काकू म्हणाल्या, "पैसे आले गं, पण पाडणाऱ्याच्या खिशातून काय गेलं?"

लग्न होऊन सुरतेला आले. इकडचा इतिहास वाचायला लागले, तेव्हा काकूंचा प्रश्न परत भेटला.

शांतिदास झवेरींचं नाव आपण ऐकलेलं असतं. अहमदाबादचे नगरशेठ, सुरत बंदराशी व्यापार असलेले. सरसपूरला त्यांनी चिंतामणी पार्श्वनाथाचं मोठं देरासर बांधलं. 1645 मध्ये औरंगजेब गुजरातचा सुभेदार होता. त्यानं तोडफोड करून तिथे मेहराब उभारले आणि वास्तूला मशीद ठरवलं. काही लोकांनी तिथलं सामानही उचलून नेलं.

शांतिदासांनी हत्यार उचललं नाही. ते थेट शाहजहान बादशहाकडे दाद मागायला गेले. आणि 1648 मध्ये फर्मान निघालं! त्यात मुल्ला अब्दुल हकीम यांचं मत नोंदलेलं आहे: दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर केलेली मशीद शरियतप्रमाणे मशीद ठरतच नाही. म्हणून वास्तू शांतिदासांना परत द्यावी, मेहराबांपुढे भिंत घालावी, तिथे राहणाऱ्या फकिरांना हलवावं. नेलेलं सामान परत आणावं. ते वापरून संपलं असेल तर नेणाऱ्यांकडून किंमत वसूल करावी.

म्हणजे पावणेचारशे वर्षांपूर्वीही मालकी आणि भरपाई या गोष्टी कळत होत्या. बादशहाच्या मुलानं केलं म्हणून ते बरोबर, असं दरबार म्हणाला नाही.

पण काकूंच्या नजरेनं वाचलं की खटकतं. दगड नेणाऱ्यांकडून वसुली. ज्यानं हुकूम दिला, त्याच्याकडून काहीच नाही. आणि विटंबना झालेल्या त्या जागी देरासर पुन्हा नांदतं झालं नाही.

पुढे तोच शाहजादा बादशहा झाला. 1669 मध्ये आमच्या सुरतेत काझीचा जाच वाढला. देवळं वाचवायची तर पैसे मोजा, अशी वेळ व्यापाऱ्यांवर आली. तेव्हा भीमजी पारेखांच्या पुढाकारानं सुमारे 8,000 व्यापारी शहर सोडून भरूचला निघून गेले. बाजार ओस पडला. बादशहाकडून अभय मिळाल्यावर ते डिसेंबरात परतले. त्या तीन महिन्यांत घरच्या बायकांनी चूल कुठे मांडली, पोरंबाळं कशी सांभाळली, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आज फर्मान नाही, संविधान आहे. कलम 300अ सांगतं, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. तरी बुलडोझर चाललेच. अखेर 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: निदान पंधरा दिवसांची नोटीस द्या, मालकाचं म्हणणं ऐका. नियम मोडून पाडलं तर अधिकाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं ते पूर्ववत करून द्यावं, वर नुकसानभरपाईही द्यावी.

स्वतःच्या खर्चानं! मी हे वाक्य दोनदा वाचलं. कारण नगरपालिका भरपाई देते ती कुठून? तुमच्या-माझ्या घरपट्टीतून. चूक एकाची आणि दंड गावाला, असा तो हिशेब. आपला धर्म तर लहानपणापासून शिकवतो, ज्याचं कर्म त्यानंच भोगायचं. दुसरा कुणी ते फेडू शकत नाही.

हा निकाल कागदावरच राहू नये, एवढंच. आणि आपणही घराचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या फक्त पुरुषांच्या कपाटात राहू देऊ नयेत. काकूंकडे कागद होता, म्हणून निदान भरपाई तरी मिळाली.