मावशीकडे, शकुंतलेच्या वाटेने

मागच्या डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकली, रेल्वेने सायकल मूर्तिजापूरपर्यंत नेली आणि तिथून यवतमाळला मावशीकडे सायकल हाणत गेलो. पहिला मुक्काम कारंज्याला मामाकडे, दुसरा दारव्ह्याला. ऑफिसात सगळ्यांनी वेड्यात काढलं. असो.

वाट मुद्दाम शकुंतलेची धरली. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ ही 113 किलोमीटरची, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, ती वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला. मूर्तिजापूरला कापूस मोठ्या लाइनवर चढायचा; मग मुंबई, पुढे मँचेस्टर. गंमत म्हणजे गाडीचं 1921 चं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच! ते 1994 पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. आता गाडीच बंद आहे.

दारात सायकल बघून मावशी म्हणाली, "सायकलनं काहून आला रे? एस्टी नव्हती का?" मग चहा टाकता टाकता स्वतःच सांगायला लागली. लग्नानंतर ती कारंज्याला माहेरी याच गाडीने जायची. तिकीट स्वस्त, आणि वेग तुझ्या सायकलीएवढाच, म्हणाली.

कंपनीच्या हिशेबात कापूस होता, मावशी नव्हती. पण तिच्यासाठी ही माहेरची गाडी. ती बंद झाल्यापासून तिचं कारंज्याला जाणं जवळपास थांबलंय. एस्टीची पायरी आता गुडघ्यांना झेपत नाही.

निघताना तिने मामासाठी लाडवांचा डबा कॅरिअरला बांधला. म्हणजे परतीलाही सायकलच.