आजी ‘भेटायला’ आली होती

तुमच्या जन्माच्या वेळचे फोटो काढा. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांच्या अल्बममध्ये एक फोटो बहुतेक सापडतोच: अपार्टमेंटमधला सोफा, साडीवर लेकीचा जाड स्वेटर चढवलेली आजी, आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले तुम्ही. आता पहिल्या वाढदिवसाचे फोटो शोधा. त्यात बऱ्याचदा आजी नसते.

ती का नसते? ‘व्हिसा संपला’ हे घरातलं उत्तर. ते खरं आहे, पण अपुरं आहे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. अमेरिकेत आलेल्या पिढीने ती मोडली नाही, फक्त उलटी फिरवली. लेक माहेरी जाऊ शकत नव्हती, म्हणून माहेरच विमानात बसून लेकीकडे यायला लागलं. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळगुटीचं सामान, जुन्या मऊ साड्यांची दुपटी. मराठीत या येण्याला सरळ शब्द आहेत: आजी बाळंतपण करायला आली. अमेरिकेच्या कायद्यात मात्र असा व्हिसा नाही. आजी येते ती बी-२ वर, म्हणजे पर्यटक म्हणून, सहसा एका वेळी सहा महिन्यांसाठी. विमानतळावर कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: लेकीला भेटायला.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जाऊ. 1946 मध्ये भारतीयांना पुन्हा अमेरिकेत स्थायिक व्हायची दारं उघडली, पण वर्षाला फक्त 100 जणांसाठी. मग आला 1965 चा कायदा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली. या कायद्याने कुटुंबं एकत्र आणण्यावर भर दिला, आणि सज्ञान नागरिकाच्या आईवडिलांना कोट्याबाहेर ठेवलं. म्हणजे तुमची आई अमेरिकन नागरिक असेल, तर ती आजीला कायमची बोलावू शकते.

मेख ‘नागरिक’ या शब्दात आहे. 1990 च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आणला. त्यावर आलेल्या माणसाला नवरा-बायको आणि 21 वर्षांखालची मुलं सोबत आणता येतात, आईवडील नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, त्यासाठी नागरिकच व्हावं लागतं. आणि नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं चालते. तिशीत मूल होतं, नागरिकत्व पुढे केव्हातरी मिळतं. आजीला कायमचं आणायचा हक्क येतो तोवर नातू स्वतः गाडी चालवायला लागलेला असतो!

तुम्ही म्हणाल, मग पाळणाघर नव्हतं का? इथेच या गोष्टीचा दुसरा धागा येतो. 1971 मध्ये अमेरिकन काँग्रेसने देशभर सरकारी मदतीची पाळणाघरं उभी करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबरमध्ये ते नाकारलं. त्यांचं एक महत्त्वाचं कारण असं की मुलं वाढवणं हे कुटुंबाचं काम आहे, आणि सरकारने सामूहिक संगोपनाच्या बाजूने उभं राहू नये. पुढे 1993 मध्ये बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, पण ती रजा 12 आठवड्यांची, बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना लागू नाही.

हे दोन धागे एकत्र धरून बघा. एक कायदा म्हणतो, मूल कुटुंबाने सांभाळावं. दुसरा म्हणतो, नव्याने आलेल्याचं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. या दोघांच्या मधल्या फटीत आजी सहा महिन्यांचा शिक्का घेऊन उभी असते.

आजी कुटुंबात येते की नाही, यावर इथे खटलेही झालेत. ओहायोमधल्या ईस्ट क्लीव्हलँड गावात आयनेझ मूर नावाच्या कृष्णवर्णीय आजी आपला मुलगा आणि दोन नातवांसोबत राहत होत्या. नातू एकमेकांचे चुलतभाऊ. त्यातला एक, आई वारल्यावर आजीकडे आलेला. गावाच्या नियमात ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या इतकी अरुंद होती की हा नातू तिथे बेकायदा ठरला, आणि आजींना पाच दिवस तुरुंग व 25 डॉलर दंडाची शिक्षा झाली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवघ्या एका मताच्या फरकाने तो नियम रद्द केला.

चाळीस वर्षांनी तोच प्रश्न सीमेवर आला. 2017 च्या प्रवासबंदीतून जवळच्या नातेवाइकांना सूट होती, पण सरकारने केलेल्या यादीत आजीआजोबा नव्हते. इराणी-अमेरिकन तरुणांनी इन्स्टाग्रामवर आपापल्या आज्यांचे फोटो टाकले. जुलैमध्ये हवाईच्या संघराज्य न्यायाधीशांनी सांगितलं, आजीआजोबा जवळचेच नातेवाईक.

यात अटळ असं काही नाही. शेजारच्या कॅनडाने 2011 मध्ये आईवडील आणि आजीआजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ काढला. एका वेळी दोन वर्षं राहता यायचं, 2022 पासून पाच.

माझी लेक झाली तेव्हा पोस्टडॉकला लागून मला वर्षही झालं नव्हतं, म्हणून 1993 ची ती रजासुद्धा मला नव्हती. आई आली. बाबा पुण्यात एकटे राहिले, सकाळ-संध्याकाळ डबा लावून. मी लॅबमध्ये असायचे आणि आई गाडी चालवता येत नसलेल्या गावात, चार भिंतींत, एका बाळासोबत दिवस काढायची. कंटाळा आला असं ती एकदाही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही, कारण ‘हो’ म्हणाली असती तर माझ्यापाशी उपाय नव्हता. ती परतली त्याच आठवड्यात लेक आधाराशिवाय बसायला लागली. आईने ते फोनवर पाहिलं.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला आणखी एक गोष्ट सलते. सरकारी आकडेवारीत माझी आई पर्यटक आहे, डिस्नेलँड बघायला आलेल्यांच्याच रकान्यात. या देशात दोन पगार घरात येऊ शकले, पीएचड्या पुऱ्या झाल्या, तुम्ही मराठी बोलायला शिकलात, त्यामागे कितीतरी आज्यांचे सहा-सहा महिने आहेत. आणि दप्तरात त्याची नोंद ‘फिरायला आल्या होत्या’ एवढीच.

म्हणून एक काम सांगते. या रविवारी आजीला फोन करा आणि रेकॉर्डिंग चालू करू का, ते आधी विचारा. मग विचारा: कुठल्या महिन्यात आलीस? बॅगेत काय होतं? विमानतळावर काय सांगितलंस? घरी मागे कोण राहिलं होतं? आणि मी विचारायचं टाळलं, तेही विचारा: दिवसभर एकटी असताना तू काय करायचीस, आजी?