तळटीप १७ : किशी यांची भारतभेट

१७. नोबुसुके किशी (१८९६–१९८७) हे जपानचे पंतप्रधान मे १९५७ मध्ये दिल्लीला आले. भारतभेटीवर आलेले ते पहिले जपानी पंतप्रधान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पंतप्रधान तोजो यांच्या मंत्रिमंडळात होते आणि युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून डिसेंबर १९४८ पर्यंत सुगामो तुरुंगात होते. त्यांच्यावर खटला मात्र चालला नाही. मूळ मजकुरात या भेटीला मैत्रीची सुरुवात म्हटले आहे, पण मैत्रीचा पाया आधीच पडला होता. जपानशी शांतता तह करण्यासाठी भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नाही. त्याने ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र तह करून युद्धभरपाईवरचा हक्क सोडला. किशी जूनमध्ये वॉशिंग्टनला जाणार होते, त्यापूर्वी आशियातील वजन दाखवण्यापुरताच हा दौरा होता, असा आक्षेप घेता येईल. तो हेतू असेलही. तथापि ऑक्टोबरमध्ये नेहरूंनी जपानला परतभेट दिली आणि १९५८ मध्ये जपानने आपले पहिले येन-कर्ज भारताला दिले. नुसत्या देखाव्यातून एवढे निष्पन्न होत नाही. म्हणून ही भेट १९५२ च्या तहाचे फलित मानणेच योग्य.