जुनी फटफटी आणि नवा धनी

धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, असें म्हणतात. परंतु रोख पैसे देऊन घ्यावयाच्या जनावराचे दांत पाहिल्यावांचून कोणताहि शेतकरी त्याचें दावें हातीं धरीत नाहीं. श्रीगोंदा तालुक्यांत काष्टी येथें दर शनिवारीं जनावरांचा मोठा बाजार भरतो. बैल दोनदांती आहे, चारदांती आहे कीं जुळला आहे, हें पाहूनच अशा बाजारांत बोलण्यास आरंभ होतो. मग खांदा, खूर व चाल निरखली जाते, आणि सर्व मनासारखें असल्यास रुमालाखालीं बोटें धरून किंमत ठरते. ही विद्या या मुलुखास नवी नव्हे. श्रीगोंदा हें शिंद्यांच्या जहागिरीचें गांव. भीमेच्या कांठचीं तट्टें तर मराठ्यांच्या फौजांत नांवाजलेलीं होतीं. दुसऱ्यानें वापरलेलें वाहन पारखून घ्यावें, त्याचा स्वभाव ओळखावा आणि मग त्याची जोपासना करावी, हें येथील लोक पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत.

आतां काष्टीवरून जाणाऱ्या नगर-दौंड रस्त्यावर घोड्यांच्या टापा वाजत नाहींत, मोटारसायकली धांवतात. त्यांतील बहुतेक शंभर-सव्वाशें सी.सी.च्या, थोडें पेट्रोल पिणाऱ्या व निमूटपणें काम करणाऱ्या. परंतु फटफटीच्या शौकिनांत एक नांव अजून निराळ्या आवाजांत घेतलें जातें. तें नांव म्हणजे ‘राजदूत ३५०’. आपल्या देशांत खऱ्या अर्थानें क्रीडेसाठीं घडविलेली अशी ही पहिली मोठी मोटारसायकल. ती नवी होती तेव्हां तिच्याकडे लोकांनीं पाठ फिरविली, आणि जुनी झाली तेव्हां तिच्यासाठीं शोधाशोध सुरू झाली. असें कां घडलें, आणि आज ती विकत घेणारा नक्की काय विकत घेतो, हें पाहण्याजोगें आहे.

या गाडीचें कुळ जपानी. यामाहा कंपनीनें १९७३ सालीं ‘आर.डी. ३५०’ या नांवानें ती प्रथम विकावयास काढली. इंजिन दोन सिलिंडरांचें. प्रत्येकाचा व्यास ६४ मिलिमीटर व पिस्टनची धांव ५४ मिलिमीटर, मिळून ३४७ सी.सी. इंजिनाची जात टू-स्ट्रोक. चार स्ट्रोकांच्या इंजिनांत पिस्टनच्या चार खेपांत एकदां स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें दोन खेपांतच होतो. त्यामुळें लहानशा यंत्रांतून मोठी शक्ति निघते. परंतु न जळलेलें थोडें पेट्रोलहि धुराबरोबर बाहेर जातें. यामाहाच्या कारागिरांनीं हवा-पेट्रोलाच्या वाटेवर पातळ पोलादी पट्ट्या बसविल्या. बाजाच्या पेटींतील सुरांच्या पट्ट्या जशा वाऱ्यानें हलतात, तशा या पट्ट्या आंत जाणाऱ्या मिश्रणास वाट देतात व परत फिरूं देत नाहींत. परिणामीं मंद गतींतहि इंजिन नीट ओढूं लागलें. सहा गिअर व सुमारें ३९ अश्वशक्ति अशा सामर्थ्यानें ही गाडी आपल्याहून मोठ्या गाड्यांना मागें टाकीत असे.

त्या काळीं आपल्याकडची स्थिति काय होती? मद्रासेंत १९५५ पासून बुलेट तयार होऊं लागली होती. म्हैसुरांत १९६१ पासून जावा व पुढें येझदी निघत होती. एस्कॉर्ट्स कंपनीची ‘राजदूत’ ही पोलंडच्या नमुन्यावरची १७५ सी.सी.ची गाडी दूधवाल्यांची व शेतकऱ्यांची विश्वासू सोबतीण बनली होती. बुलेटच्या साडेतीनशें सी.सी.च्या इंजिनांतून सुमारें १८ अश्वशक्ति मिळत असे. अशा संथ जगांत १९८३ सालीं एस्कॉर्ट्सनें यामाहाची आर.डी. ‘राजदूत ३५०’ या नांवानें आणली. येथील पेट्रोलास व रस्त्यांस जुळावी म्हणून तिची शक्ति सुमारें ३० अश्वशक्तीपर्यंत उतरविली होती, आणि जपानी गाडीच्या पुढील चाकाचा डिस्क ब्रेक काढून तेथें ड्रम ब्रेक बसविला होता. तरीहि बुलेट व येझदीवर बसलेल्या स्वाराला तो अनुभव तट्टावरून उतरून अरबी घोड्यावर मांड टाकल्यासारखाच होता.

परंतु घोड्याचें कौतुक करणें निराळें आणि त्याचा चंदीचा खर्च सोसणें निराळें. लिटरमागें वीस-पंचवीस किलोमीटर धांवणारी ही गाडी सुमारें १८ हजार रुपयांस मिळे. त्या काळच्या नोकरदारास ही रक्कम पेलणारी नव्हती. सुटे भाग महाग व दुर्मिळ. गांवोगांवच्या मिस्त्र्यांना तिचें यंत्र अनोळखी. वेग मोठा आणि ब्रेक तोकडा, त्यांतून अपघात होत, लोकांनीं ‘आर.डी.’ या अक्षरांचा अर्थ ‘रॅपिड डेथ’, म्हणजे झटपट मरण, असा लावला. कंपनीनें पेट्रोल कमी लागावें म्हणून सुमारें २७ अश्वशक्तीचा दुसरा प्रकार काढला. पहिल्यास एच्.टी. व दुसऱ्यास एल्.टी. म्हणत. पण तोंवर वारें फिरलें होतें. १९८५ सालीं हीरो होंडाची शंभर सी.सी.ची चार स्ट्रोकांची गाडी आली. त्याच वर्षीं खुद्द एस्कॉर्ट्सनें यामाहाची आर.एक्स. १०० आणली. हलकी, चपळ व खर्चास सोसवणारी अशी धाकटी बहीण घरांत आल्यावर थोरलीकडे कोण पाहणार? दशक संपतां संपतां राजदूत ३५० चें उत्पादन बंद पडलें.

बाजाराचा हा न्याय समजण्यास नगर शहराचें उदाहरण जवळचें आहे. ज्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्याच शहरांत कायनेटिक कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९७२ सालीं निघालेली तिची पन्नास सी.सी.ची ‘लूना’ शिक्षक, टपालवाले व किरकोळ व्यापारी यांच्या दारीं पोंचली, कारण ती त्यांच्या खिशास परवडत होती. पुढें २००४ च्या सुमारास याच कंपनीनें कोरियाच्या ह्योसंगची ‘कॉमेट’ ही अडीचशें सी.सी.ची क्रीडा-मोटारसायकल आणली. इंजिन उत्तम, रूप देखणें; पण गिऱ्हाईक थोडें. २००८ सालीं कंपनीनें आपला दुचाकींचा धंदाच महिंद्रांकडे सोंपविला. लूनेनें जें कमावलें तें कॉमेटला साधलें नाहीं. तरीहि २०१८ मध्यें नगरच्याच कारखान्यांत परदेशी उंची मोटारसायकली जोडण्याचा उद्योग कायनेटिकनें पुन्हां आरंभिला. हौस कधीं मरत नाहीं; ती फक्त योग्य वेळेची वाट पाहते.

राजदूत ३५० ला ती वेळ उशिरा लाभली. उत्पादन थांबल्यावर पहिलीं कांहीं वर्षें तिच्या वाट्यास हलाखीच आली. एक गाडी चालती ठेवण्यासाठीं दुसरी खोलली जाई. कुणाचा गिअरबॉक्स, कुणाची टाकी, कुणाचा कार्ब्युरेटर. कित्येक गाड्या भंगाराच्या तराजूंत गेल्या. पुढें धुराचे निर्बंध कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकलींची सबंध जातच नामशेष झाली. तेव्हां कुठें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, असें यंत्र आतां पुन्हां होणें नाहीं. तरुणपणीं जिच्याकडे दुरून पाहिलें, ती गाडी हातीं पैसा आल्यावर घ्यावी, असेंहि अनेकांस वाटूं लागलें. १८ हजारांची वस्तु कांहीं लाखांस मागितली जाऊं लागली.

किंमत वाढली म्हणजे लबाडीहि वाढते, हें जनावरांच्या बाजारांत कोणीहि सांगेल. शिंगें घासून तेल लावलेला म्हातारा बैल जसा तरणा भासतो, तशी नव्या रंगाची व चकाकत्या क्रोमची गाडी नव्यासारखी दिसते. म्हणून दांत प्रथम कागदांत पाहावे. चेसिसवरचा व इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं अक्षरशः जुळला पाहिजे. क्रमांक घासलेला किंवा नव्यानें ठोकलेला दिसल्यास तेथूनच परत फिरावें. १९८९ च्या पूर्वीं नोंदलेल्या महाराष्ट्रांतील गाड्यांच्या पाटीवर ‘एम्’ पासून सुरू होणारीं तीन अक्षरें असत, ‘एम्.एच्.’ व जिल्ह्याचा आंकडा ही पद्धति मागाहून आली. गाडी मालकाच्या नांवावर आहे, पुनर्नोंदणी झाली आहे आणि नांव बदलण्याचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने तो सही करून देण्यास तयार आहे, एवढें पाहिल्यावरच पैशाची गोष्ट काढावी.

मग यंत्राकडे वळावें. इंजिन थंड असतांनाच चालू करण्यास सांगावें. आधींच तापवून ठेवलेलें इंजिन पुष्कळ दोष झांकतें. टू-स्ट्रोकला थोडा धूर असावयाचाच. पण उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर न थांबतां येत असेल, तर क्रँकचें त्या बाजूचें सील फाटून गिअरबॉक्समधील तेल इंजिनांत ओढलें जात आहे, असें समजावें. डाव्या बाजूचें सील गेलें तर हवा आंत शिरते, मिश्रण विरळ होतें आणि पिस्टन जळतो. खालून घरघर ऐकूं आल्यास क्रँकचें बेअरिंग झिजलें आहे. सिलिंडर कितीदां बोअर केला आहे, हेंहि विचारावें. पाव-पाव मिलिमीटरनें पिस्टन मोठा करीत जातां येतें, पण त्यास सीमा आहे. सिलिंडरची शेवटची मर्यादा गांठलेली गाडी म्हणजे जुळलेला बैल; आज चालेल, पण तिचे दिवस भरत आले आहेत.

गाडी दारीं आली कीं खरें काम सुरू होतें. मूळ गाडींत वंगणाचें तेल एक लहान पंप इंजिनास पुरवितो; त्या पंपावर विश्वास न ठेवतां अनेक धनी तेल थेट पेट्रोलांत मिसळतात. कोणताहि मार्ग धरावा, पण तेलाचा विसर पडूं देऊं नये. तेल तुटलें तर पिस्टन सिलिंडरांत जागच्या जागीं आवळून बसतो व मागील चाक अडकतें. ब्रेकच्या शूजमध्यें कंजुषी तर मुळींच करूं नये. या गाडीचा जुना अपलौकिक तेथूनच आला. आजच्या इंधनाचीहि एक गंमत आहे. २०२५ पर्यंत देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें, आणि त्यांतील मोठा वांटा उसापासून येतो. श्रीगोंद्यासारख्या तालुक्यांच्या शिवारांतील ऊस असा फटफटीच्या टाकींत शिरला आहे. परंतु इथेनॉल ओलावा ओढून घेतें व जुन्या रबराच्या नळ्यांस सोसत नाहीं. म्हणून दीर्घकाळ उभी राहणारी गाडी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावी आणि नळ्या नव्या बसवाव्या.

सर्वांत दुर्मिळ सुटा भाग मात्र लोखंडाचा नाहीं. तो मिस्त्र्याचा कान आहे. आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरचा पॉइंट चुकला आहे हें सांगणारीं माणसें आतां वृद्ध होत आहेत. त्यांचें ज्ञान हेड्याच्या ज्ञानाप्रमाणेंच हाताखालीं राहून मिळतें. तें कोणत्याहि पुस्तकांत पुरतें उतरलेलें नाहीं. जुनी गाडी घेणाऱ्यानें अशा माणसाच्या शेजारीं बसून काम पाहावें आणि जमल्यास एखाद्या होतकरू पोरालाहि बसवावें.

कायद्यानेंहि या गोष्टीची दखल घेतली आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवर झालेलें व मूळ स्वरूपांत राखलेलें वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदतां येतें. चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार केलेल्या वाहनास हा मान नाहीं. १९८३ सालीं नोंदलेल्या पहिल्या राजदूत ३५० गाड्या २०३३ मध्यें त्या वयास पोंचतील. त्या दिवशीं किती गाड्या मूळ स्वरूपांत उरतील, हें ठरविणारे लोक आज त्या विकत घेणारे आहेत. कोणी हौसेखातर सांगाडा कापील, कोणी तीन गाड्यांची एक करील. कोणी क्रमांक, रंग व यंत्र जसेंच्या तसें जपील.

शिंद्यांच्या पागेंतील घोडा स्वाराच्या मृत्यूनंतर दुसऱ्या स्वाराकडे जाई. पण दुसरा स्वार घोड्याचा लगाम, स्वभाव व जखमा समजून घेतल्याशिवाय त्याच्या पाठीवर शहाणपणानें बसूं शकत नसे. जुन्या फटफटीचेंहि तसेंच आहे. तिचा नवा धनी हा तिचा शेवटचा मालक नसून मधला राखणदार आहे, एवढें ओळखून ज्यानें ती घेतली, त्याचा सौदा कधीं फसला असें होत नाहीं.