तळटीप ७ : फर्मानाची वाटणी आणि घटनेची वाटणी

७. कायदा करणारा, तो राबवणारा आणि निवाडा देणारा एकच नसावा, हे तत्त्व सास्तूर गावाच्या मुलखाला निजामी अमलातही अगदीच परके नव्हते. हैदराबाद संस्थानात १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच न्यायखाते कारभारापासून वेगळे झाले होते. ही सुधारणा मोठी होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. पण ती झाली निजामाच्या फर्मानाने. जो फर्मान काढतो तो ते मागेही घेऊ शकतो. वाटणी होती, हमी नव्हती. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढूनच भारताची राज्यघटना स्वीकारली आणि ती लागू झाल्यापासून इथला कायदा एका माणसाच्या मर्जीवर राहिला नाही.

गावापर्यंत सत्ता पोहोचायला मात्र फार उशीर झाला. घटनेच्या कलम ४० मध्ये ग्रामपंचायतींबद्दल राज्यांना नुसता निर्देश होता. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने सास्तूर उद्ध्वस्त केले, तेव्हा महाराष्ट्राने आपला पंचायत कायदा तिच्याप्रमाणे बदललाही नव्हता; तो बदलला १९९४ मध्ये. गाव कुठे वसवायचे, घरे कशी बांधायची, जुन्या शेजाऱ्यांना शेजारीच ठेवायचे का, हे प्रश्न ग्रामसभेच्या हक्काचे होते. ७३व्या दुरुस्तीने आलेले कलम २४३-अ ग्रामसभेला घटनात्मक स्थान देते, पण तिचे अधिकार ठरवणे विधिमंडळावर सोपवते. आमच्या मते या दुरुस्तीतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. — संपादक