व्यापारी गोन्सालो आणि बंधु गोन्सालो

आपल्या वसईच्या भूमींत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया ह्याचें चरित्र आपण सणाच्या प्रवचनांत दरवर्षीं ऐकतों. तथापि त्या प्रवचनांत क्रूस व भाले ह्यांचेंच वर्णन बहुधा फार असतें, आणि घरीं जातांना श्रोते म्हणतात कीं, "तो रक्तसाक्षी, त्याची गोष्ट निराळी. आम्हां प्रपंची माणसांनीं त्यांतून काय घ्यावयाचें?" ह्या ज्युबिली अंकाच्या चालकांनीं आम्हांस इतिहासपर लेख मागितला, तेव्हां ह्याच प्रश्नाकडे वळावें असें आमच्या मनानें घेतलें. क्रूसावरचा तो दिवस एकच होता. त्याच्या मागचीं चाळीस वर्षें निरनिराळ्या उद्योगांत गेलीं होतीं, आणि त्यांतील कांहीं तर उघड उघड व्यापारांत.

गोन्सालोचा जन्म सुमारें १५५६ सालीं वसईस झाला. १५३४ सालीं गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली होती. त्याच्या बालपणीं तट, देवळें, मठ आणि बंदर हीं चोहोंकडे वाढत होतीं. बाप पोर्तुगीज आणि आई येथलीच, असें परंपरा सांगते. फ्रान्सिस्कन बंधु वसईस १५४७ पासून होते, जेसुइटहि त्यांच्या मागोमाग आले. गोन्सालोचें शिक्षण झालें तें जेसुइटांच्या हाताखालीं, आणि पंधरा-सोळा वर्षांचा असतां तो त्यांच्याबरोबरच जपानास गेला. जपानी भाषा त्यानें लौकरच आत्मसात् केली व सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. त्याच संघांत आपला समावेश व्हावा अशी त्याची उत्कट इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं.

नंतर तो चीन व जपान ह्यांच्या दर्यावर व्यापार करूं लागला. त्या काळीं मकावहून नागासाकीस चिनी रेशीम जाई आणि जपानी चांदी परत येई; अशा फेऱ्यांत माणसें थोडक्या काळांत गबर होत. गोन्सालोचाहि धंदा भरभराटला आणि ठिकठिकाणीं त्याच्या शाखा निघाल्या. ज्या मुलाला संघानें घेतलें नव्हतें त्याला बाजारानें दोन्ही हातांनीं जवळ केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. दुसरा कोणी असता तर मागचें दुःख विसरून तेथेंच स्थिरावला असता, आणि त्याला कोणी नांवहि ठेविलें नसतें. प्रामाणिक व्यापार हें कांहीं पाप नव्हे.

परंतु कामानिमित्त मनिलास जाणें-येणें होई, आणि तेथें १५७८ पासून फ्रान्सिस्कन बंधूंचा मठ होता. ह्या बंधूंचा मूळपुरुष आसीसीचा संत फ्रान्सिस हाहि कापडाच्या व्यापाऱ्याचाच मुलगा. त्यानें बिशपांसमोर अंगावरचीं वस्त्रें काढून बापाच्या स्वाधीन केलीं, ही गोष्ट आपल्या मुलांनाहि पाठ आहे. त्याच्या संघाची जी नियमावली १२२३ सालीं पोपमहाराजांनीं मान्य केली, तीप्रमाणें संघांत येणाऱ्यानें आपलें जें असेल तें विकून गोरगरिबांस वांटावयाचें, आणि पुढें नाणें म्हणून स्वीकारावयाचें नाहीं. ज्याचे हात चांदी तोलण्यांत मुरलेले, त्याला ह्या दोन कलमांचा अर्थ मठांतील इतरांपेक्षां अधिक कळला असला पाहिजे. प्रभूकडून दुःखी होऊन परत गेलेल्या श्रीमंत तरुणाचें शुभवर्तमान आपण वाचतों. येथें वसईचा एक श्रीमंत तरुण परत गेला नाहीं.

आणि मनिलास तो झाला काय? धर्मगुरु नव्हे. तो बंधु झाला. हा शब्द आपल्या लोकांच्या कानाला अजून नीटसा रुचत नाहीं. मुलगा सेमिनरींत गेला तर घरांत आनंद होतो, पण तो बंधु होतों म्हणाला कीं आई विचारते, "मग मिस्सा कधीं करणार?" बंधूला वेदी नाहीं, व्यासपीठ नाहीं. मठाचें दार उघडणें, स्वयंपाक, शिवण, भिक्षा, रोग्यांची सेवा हा त्याचा वांटा. संघानें आपणांस "लहान बंधु" हें नांव घेतलें आहे, आणि त्या लहानांतहि हा धाकटा. गोन्सालोनें हें पद राजीखुशीनें पत्करलें, ह्या गोष्टीस आम्हीं त्याच्या रक्तसाक्षाइतकेंच मोल देतों.

१५९३ सालीं मनिलाच्या गव्हर्नरांनीं जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याजकडे वकिलात पाठविली. तिचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता. आणि दुभाषी बंधु गोन्सालो. दुभाष्याच्या कामांत एक विलक्षण नम्रता आहे. दरबारांत आवाज त्याचा, पण शब्द दुसऱ्याचे. ज्या देशांत हा पूर्वीं स्वतःच्या पेढीच्या नांवानें वावरला, तेथेंच आतां अनवाणी, दोरीनें कसलेल्या जाड्याभरड्या झग्यांत वरिष्ठांचें बोलणें पोंचवीत उभा राहिला. जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनीं त्याला त्या वेषांत पाहिलेंहि असेल. मियाको, म्हणजे हल्लींचें क्योतो, येथें बंधूंस जागा मिळाली. त्यांनीं मठ व देऊळ बांधलें, आणि महारोग्यांसाठीं संत आन्ना व संत जोसेफ ह्यांच्या नांवानें इस्पितळें काढलीं. १५८७ पासून धर्मप्रसारकांना हद्दपारीचा हुकूम होता. तेव्हां उघडपणें उपदेश करणारे हे नवे बंधु अविचारी, असें जेसुइटांपैकीं कित्येकांस वाटे. त्यांचें भय अगदींच अनाठायीं नव्हतें. तथापि महारोग्यांच्या अंगावरच्या जखमा ज्यांनीं धुतल्या त्यांना अविचारी म्हणण्यास आमची लेखणी धजत नाहीं.

आपणां वसईकरांच्या आजच्या स्थितीकडे पाहतां हा इतिहास दूरचा वाटत नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं वाडी शिंपून पोट भरलें. आमच्या हयातींत जमिनीला भाव आला, कौलारू घरें जाऊन बंगले उठले. देवाच्या दयेनें आलेलें सुख आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु ऐपत नसतां शेजाऱ्याच्या बरोबरीसाठीं लग्नांत कर्ज काढणारी कुटुंबें आमच्याकडे येऊन रडतात, आणि ज्यांना ऐपत आहे त्यांच्याच मांडवामुळें हें कर्ज निघालें, हें त्यांना कोणी सांगत नाहीं. श्रीमंतानें आपला मांडव लहान केला तर ती गरिबाला दिलेली भिक्षाच होय. गोन्सालोनें दिलें तें गरिबांना पोंचलें; शिवाय ओझें उतरून तो स्वतःहि मोकळा झाला.

असो. १५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पेनचें गलबत जपानच्या किनाऱ्यास लागलें, त्यांतून तंटा उद्भवला, आणि हिदेयोशीचा राग ख्रिस्ती लोकांवर उलटला. ता. ८ डिसेंबरला बंधूंच्या मठांवर पहारा बसला. ता. ३ जानेवारी १५९७ रोजीं मियाकोंत चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढण्यांत आली. मग ऐन हिंवाळ्यांत, सुमारें चार आठवडे, नागासाकीपर्यंत प्रवास. वाटेंत दोन जपानी ख्रिस्ती ह्या बंदिवानांची सेवाचाकरी करीत बरोबर चालले होते. पेद्रो सुकेजिरो आणि फ्रान्सिस्को किचि हीं त्यांचीं नांवें. पहारेकऱ्यांनीं त्यांनाहि धरलें, आणि चोवीसांचे सव्वीस झाले. त्यांत फ्रान्सिस्कन सहा, जेसुइट तीन, बाकीचे सतरा जपानी गृहस्थ व मुलें. लहानग्या लुइस इबाराकीचें वय बारा. ज्या जेसुइट संघांत गोन्सालोला जागा मिळाली नाहीं, त्याचे तिघे शेवटीं त्याच्याच ओळींत होते.

ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेंकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. सहांपैकीं धर्मगुरु तिघे, शिकत असलेला एक, आणि साधे बंधु दोघे, गोन्सालो त्यांतला एक. १६२७ सालीं आठव्या अर्बन पोपमहाराजांनीं त्याला धन्य, आणि ता. ८ जून १८६२ रोजीं नवव्या पायस पोपमहाराजांनीं सर्व सव्वीसांना संत म्हणून जाहीर केलें. त्या गोष्टीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९६२ सालीं, त्याच टेंकडीवर ब्राँझच्या सव्वीस मूर्ति एका ओळींत बसविण्यांत आल्या. आपल्या धर्मग्रामांतून कोणी नागासाकीस गेल्यास त्या ओळींत वसईचा बंधु त्याला भेटेल. सुकेजिरो आणि किचि हे दोघेहि तेथेंच आहेत.