कोतवाल बुकातले नाव आणि आम्ही घेतलेले नाव

दहावी-बारावीच्या वयातल्या मुलामुलींना ‘मी कोण?’ हा प्रश्न पडतो, असे मानसशास्त्राची पुस्तके सांगतात. घरच्यांशी खटके उडतात, आरशासमोरचा वेळ वाढतो, मित्र जवळचे वाटू लागतात आणि या सगळ्या गोंधळातून माणसाला स्वतःची ओळख सापडते, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. आमच्या मुलांना हा प्रश्न पडण्याआधीच गावाने त्याचे उत्तर देऊन ठेवलेले होते. घर कोणत्या दिशेला, पाणी कोणत्या विहिरीचे, वर्गात बसायची जागा कोणती, हाक कोणत्या शब्दाने मारायची, हे सारे ठरलेले. प्रश्न पडण्याची मुभासुद्धा आम्हाला लढून मिळवावी लागली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पोरापोरींनी हा इतिहास समजून घेतला नाही, तर त्यांची ओळख एखाद्या खिडकीमागचा कारकून ठरवील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘ओळखीचे संकट’ ही कल्पना जगभर रुजवली ती एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने. १९०२ साली जर्मनीत जन्मलेल्या या माणसाला आपला जन्मदाता बाप कोण हे कधीच कळले नाही. तो सावत्र बापाचे आडनाव लावून वाढला आणि १९३९ साली अमेरिकेचा नागरिक होताना त्याने स्वतःच ‘एरिक्सन’ हे आडनाव घेतले. नाव स्वतः घेणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण तो एकटा होता आणि त्याचे नाव त्याच्यापुरते होते. आमच्याकडे लाखो माणसांनी एकाच दिवशी जुने नाव टाकले. असे उदाहरण मानसशास्त्राच्या पुस्तकात सहसा सापडत नाही, म्हणून ते आम्हीच सांगितले पाहिजे.

किशोरवय तरी कुठे होते?

आजचा यवतमाळ जिल्हा इंग्रजांच्या काळात आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाडातला हा कापसाचा मुलूख. कापूस पांढरा, पण तो वेचणाऱ्या हातांना सावलीत बसण्याची सोय नव्हती. निंदण, वेचणी, गुरे राखणे आणि गावकीची कामे यांत पोराचे बालपण संपायचे, ते थेट बापाच्या जागी उभे राहण्यासाठी. मुलींचे तर बोलूच नका. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, आणि तेही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. ज्या वयात ‘मी कोण?’ विचारायचे, त्या वयात आमच्या आज्या-पणज्या कडेवर पोर घेऊन दुसऱ्याच्या वावरात वेचणी करत होत्या. बालपण आणि प्रौढपण यांच्या मधला जो काळ असतो, तो आमच्या समाजाला कुणी दिलाच नव्हता. किशोरवय हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि तिचेही वाटप जातीनेच झाले होते.

म्हणूनच २० जुलै १९४२ हा दिवस आम्हाला फार मोठा वाटतो. त्या दिवशी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि समोर हजारो स्त्रिया. बाबासाहेबांनी त्यांना काय सांगितले? मुलामुलींना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, मोठे होण्याची महत्त्वाकांक्षा त्यांच्यात जागवा आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका. लग्न झालेली मुलगी नवऱ्याची मैत्रीण असावी, गुलाम नव्हे, हेही त्यांनी बजावले. वरवर पाहता हा घरगुती सल्ला वाटेल. पण नीट विचार करा. लग्न लांबवा म्हणजे त्या मुलीला चार-पाच वर्षे तिची स्वतःची द्या. महत्त्वाकांक्षा जागवा म्हणजे गावाने ठरवलेल्या जागेपलीकडे बघायला शिकवा. बाबासाहेब त्या दिवशी एका अख्ख्या समाजाला किशोरवय मिळवून देत होते.

सोळाव्या वर्षी हातात पडलेले पुस्तक

ते हे सांगू शकले, कारण त्यांना स्वतःला ते थोडेबहुत मिळाले होते. भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. घर एका खोलीचे, म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे त्याच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात पडलेले हे पुस्तक. पुढे एकोणपन्नास वर्षांनी नागपुरात काय घडले ते साऱ्या जगाने पाहिले.

यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. त्या वयात कोण भेटते आणि हातात काय पडते, यावर पुढचे आयुष्य ठरते. केळुसकर काही त्या मुलाच्या जातीचे नव्हते. त्यांनी त्याला ‘जात विसर’ असा उपदेशही केला नाही. त्यांनी पुस्तक दिले आणि पुढच्या शिक्षणासाठी खटपट केली. आज आमच्या वस्तीतल्या सोळा वर्षांच्या पोराच्या हातात आम्ही काय देतो?

नाव बदलण्याचा इतिहास

नावासाठीची ही धडपड १९५६ साली सुरू झाली असे समजू नका. विदर्भात किसन फागोजी बनसोडे यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या आरंभी शाळा काढल्या आणि त्यांना संत चोखामेळ्याचे नाव दिले. शिवीसारख्या वापरल्या जाणाऱ्या जातिनामापेक्षा संताचे नाव बरे, असा त्यामागचा विचार होता. पुढे गांधीजींनी ‘हरिजन’ हे नाव आणले, पण ते आम्ही मागितलेले नव्हते. दुसऱ्याने दयेने ठेवलेले नाव आणि दुसऱ्याने तिरस्काराने ठेवलेले नाव यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे ठेवणारा तोच.

मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी हा मुद्दा निकालात काढला. धर्म तोच ठेवून चोखामेळा किंवा हरिजन म्हणवून घेतल्याने काही साधत नाही. लोक जुन्या नावाची वागणूक नव्या नावाला देतात. नाव बदलायचे तर ज्या व्यवस्थेने जुने नाव दिले ती व्यवस्थाच सोडली पाहिजे.

त्यानंतर वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. नकाशा काढून पाहा. आमच्या जिल्ह्याच्या ईशान्येला नागपूर आणि पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर. कळंब-राळेगावकडच्यांना नागपूरची वाट आणि वणी-मारेगावकडच्यांना चंद्रपूरची. पांढरे कपडे, फडक्यात बांधलेल्या भाकरी, खांद्यावर पोरे, असे ते जाणे वाडवडिलांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्या वेळी आपला जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे दीक्षेनंतर अवघ्या अठराव्या दिवशी, विदर्भ मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्या वर्षी चौदा-पंधरा वर्षांच्या असलेल्या आमच्या माणसांचा दोन महिन्यांत धर्म बदलला, राज्य बदलले आणि डोक्यावरचे छत्र गेले. एवढे सोसूनही ती पिढी मोडली नाही. तिने पोरांची नावे सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा अशी ठेवली. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या भारतात बौद्धांची संख्या दोन लाखही नव्हती. १९६१ मध्ये ती साडेबत्तीस लाखांच्या घरात गेली आणि त्यातले सुमारे अठ्ठावीस लाख एकट्या महाराष्ट्रात होते. ही लोकसंख्या जन्माने वाढलेली नाही, निर्णयाने वाढलेली आहे.

रकान्यातली ओळख

इथून खरी परीक्षा सुरू झाली. अनुसूचित जातींची यादी १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने ठरली होती आणि त्या यादीसाठी हिंदू असण्याची अट होती. १९५६ मध्ये शिखांसाठी ती सैल झाली, बौद्धांसाठी नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि सवलती मात्र बंदच राहिल्या. त्या थेट १९९० साली, व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात कायदा दुरुस्त झाला तेव्हा मिळाल्या. मध्ये चौतीस वर्षे गेली! दीक्षेच्या वेळी सोळा वर्षांचा असलेला मुलगा तोवर पन्नाशीचा झाला होता.

या चौतीस वर्षांत किती घरांत काय झाले ते आम्हाला ठाऊक आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, ओठांवर त्रिशरण-पंचशील, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. बापाने मन मारून लिहिलेले. काहींनी ताठ मानेने ‘बौद्ध’ लिहिले आणि पोराची केंद्रातली नोकरी घालवली. यात चूक कोणाची होती? आमच्या मते दोघांचीही नाही. चूक त्या व्यवस्थेची, जी पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला विचारत होती की तुला स्वाभिमान हवा की भाकर.

आणि आज? आज बारावी विज्ञानाची मुलगी जात पडताळणीसाठी अर्ज करते. समिती १९५० पूर्वीचा पुरावा मागते. आजोबांचा शाळेचा दाखला आणावा, तर आजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेतीचे जुने कागद आणावेत, तर शेती नव्हतीच. मग तहसीलीत जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढायची. कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद. त्या जीर्ण पानावर पणजोबाच्या नावापुढे जात लिहिलेली असते. जे नाव टाकण्यासाठी पणजोबा चालत दीक्षाभूमीवर गेला, तेच नाव शोधत पणती तहसीलीच्या पायऱ्या चढते. ते सापडले नाही तर तिचा प्रवेश अडतो.

या क्षणी तिच्याशी कोणीतरी बोलले पाहिजे. नाही तर त्या पानाकडे पाहून तिला एक तर लाज वाटेल, नाही तर ते तिला सवलतीचे कूपन वाटेल. आम्ही सांगतो, पोरी, ही लाजेची गोष्ट नाही आणि कूपनही नाही. तुझ्या माणसांवर झालेल्या अन्यायाची ही सरकारी कबुली आहे. कोतवाल बुकातले नाव अन्यायाचा पुरावा म्हणून ठेव. ‘बौद्ध’ ही ओळख तुझ्या माणसांनी स्वतः निवडली आहे, ती जग. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

‘जात विसरा’ म्हणणाऱ्यांना आणि स्वतःलाही

या वयाच्या मुलांना वर्गात हमखास ऐकू येते की आता कुठे राहिली जात, तुम्हीच ती उगाळता. असे म्हणणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे. तुमच्या घरच्या लग्नपत्रिका काढा आणि सांगा, जात कोणी उगाळली? जात विसरायची तर आधी ती पाळणाऱ्यांनी विसरावी. ज्याला तिचे चटके बसले त्याने ती विसरली, तर चटका देणारा मोकळा सुटतो.

पण प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे. वणीजवळच्या राजूर या खाणकामगारांच्या गावी १९५० साली एका शेतमजूर कुटुंबात जन्मलेले आनंद तेलतुंबडे शिकून मोठे विचारवंत झाले. ओळखीच्या राजकारणावर त्यांनी सातत्याने टीका केली आहे. जातीच्या ओळखीवर उभे राहिलेले राजकारण फुटत जाते आणि पोटाचे प्रश्न मागे पडतात, असे ते मांडतात. त्यांचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. पण आमच्या गटातटांची संख्या पाहिली की उत्तर देणे कठीण जाते. ओळख हे पहिले पाऊल आहे आणि तिथेच पाय रोवून बसलो तर पुढचा रस्ता बंद होतो. निळा झेंडा, गाडीवरचे स्टिकर, जयंतीचा डीजे आणि मोबाईलवरचे स्टेटस एवढ्यावर सोळाव्या वर्षाची भूक भागते असे आम्ही समजत असू, तर केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकाची किंमत आम्हाला कळली नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. विहारात वंदनेनंतर तासभर पुस्तक उघडा. वेचणीच्या हंगामात आपल्या वस्तीतली कोणती पोरगी शाळेतून गळाली याची यादी करा आणि तिच्या घरी जा. दहावीनंतर मुलीचे लग्न ठरवणाऱ्या बापाला १९४२ ची परिषद सांगा. पडताळणीच्या कागदांसाठी एकट्या फिरणाऱ्या पोरांबरोबर जाणती माणसे पाठवा. आणि १९५६ साली जी माणसे किशोरवयात होती, ती आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. ती हयात आहेत तोवर पोरांना त्यांच्यासमोर बसवा. कोण कुठल्या वाटेने गेले, कोणी काय विकून पांढरे लुगडे घेतले, परत आल्यावर गावाने काय त्रास दिला, हे पोरांनी त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत उतरवून घ्यावे.

गावाने आमचे नाव कोतवाल बुकात लिहून ठेवले. आमचे दुसरे नाव आमच्याच पोरांच्या वहीत लिहिले गेले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!